बर्फाची पावती

निसर्गापुढे माणसाचे कायदे चालत नाहीत. हे मी मनाशी म्हटलं ते जर्मनीतल्या श्वार्त्सवाल्डच्या जंगलात, राज्याच्या वनखात्याने लावलेल्या पाटीसमोर. पाटीवर अकरा कलमं होती. घसरगाडी कुठे ओढायची, कुत्रा कुठे बांधायचा, आणि हिवाळ्यात गाडी लावायची तर यंत्रातून परवाना घ्यायचा, मुदत दोन तास.

सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सहा आठवडे आमच्याकडे बॉबलिंगेनला होते आणि सहाही आठवडे नुसता पाऊस. साताऱ्याहून निघताना सगळ्या आळीला सांगून आले होते, बर्फ बघून येतो. सोमवारी परतीचं विमान. नवरा कंपनीच्या कामाला परगावी, म्हणून शनिवारी मीच त्यांना घेऊन निघाले.

ते पाटीपाशीच थांबले.

"अगं, सगळं वाचून दाखव. काय काय म्हटलंय?"

"बाबा, बर्फ तिकडे आहे."

"बर्फ कुठे पळतोय? आधी नियम."

मी भराभरा वाचलं, एखाददुसरं कलम गाळलंही. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र पुन्हा आपल्या टेबलाशी बसल्यासारखं समाधान होतं. परवाना बाहेर आला तसा "गेनाऊ" म्हणत त्यांनीच तो ओढून घेतला. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर; हा त्यांचा एकुलता एक जर्मन शब्द. मी बूट बदलत होते.

चढावर गुडघ्यामुळे ते दर वीस पावलांना थांबत होते. मग झाडी संपली आणि समोरचा सगळा माळ पांढरा. त्यांनी हातमोजा काढला, वाकून मूठभर बर्फ उचलला, आणि आधी हुंगला.

"वास नाही गं काहीच. आता तुझ्या सासूला फोनवर काय सांगू?"

मग स्वेटरच्या आतून पासपोर्टची प्लास्टिकची पिशवी काढली. पासपोर्टला लगटून आत परवाना. "अजून पन्नास मिनिटं आहेत. कुठे पडायला नको म्हणून जवळच ठेवलाय."

तो गाडीत, काचेमागे दिसेल असा ठेवायचा होता. सातवं कलम. मी गाळलेलं.

धावत खाली जाऊन येता आलं असतं. पण ते दुसरी मूठ भरत होते.

"मग निवांत बसा, बाबा," मी म्हटलं.

परत आलो तर वायपरखाली कागद.

"हे काय?"

"पावती. आपण येऊन गेल्याची."

"बघ! याला म्हणतात कारभार. मला दे ती."

घरी मी दंड भरण्यापुरता नंबर उतरवून घेतला आणि कागद त्यांना दिला. नव्या डिजिटल कॅमेऱ्यातले फोटो सगळे फसले होते. पांढऱ्यावर एक काळा ठिपका, तो सासरे. त्यामुळे साताऱ्याला दिवाणखान्यात तो कागदच लॅमिनेट करून लावला आहे. बर्फ पाहिल्याचा सरकारी पुरावा म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. वर राज्याची मुद्रा आहे. खाली जर्मनमध्ये लिहिलं आहे: वाहनात परवाना आढळला नाही.