टिबुकलीच्या चोचीजवळचा डाग

बूट घालण्याआधी ते उलटे करून दोनदा झटकायचे. चहा उभ्यानेच प्यायचे. गिऱ्हाइकाला ‘हसा’ कधी म्हणायचे नाहीत, ‘श्वास सोडा’ म्हणायचे. ढगांना शिव्या अशा द्यायचे, जणू ते वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. आणि भांडताना चष्मा काढून हातात धरायचे. समोरच्याचं तोंड दिसलं की राग ओसरतो, असं त्यांचं म्हणणं.

फोटोवाल्यांच्या या सगळ्या खोडी त्यांच्या बायकोला पाठ होत्या. एकतीस वर्षं दोघांनी मिळून पासपोर्ट फोटोंचं दुकान चालवलं. पुढे ते फोटो काढायचे. पडद्यामागे संगणकावर ती चेहरे साफ करायची. पुटकुळी, तीळ, डोळ्यांखालचं काळं, कपाळावरची चकाकी. लोक स्वतःला बघून खूश व्हायचे.

दुकान उघडण्याआधीचे दोन तास मात्र पक्ष्यांचे. कारखान्यामागच्या तळ्यावर टिबुकलीची एक जोडी होती. मुठीत मावेल असं वाटणारं, बुचासारखं तरंगणारं पाखरू. एरवी चिखलाच्या रंगाचं. विणीच्या दिवसांत मान तांबडी होते आणि चोचीच्या मुळाशी फिकट पिवळा डाग उमटतो. त्याच तळ्यातलं पाणी उपसून नगरपालिकेला तिथे गाड्यांसाठी जागा करायची होती. कचेरीने सांगितलं, पक्षी विणीवर असतील तर पिल्लं मोठी होईपर्यंत पंप लावणार नाही. पुरावा आणा.

पंधरा दिवस आभाळ भरलेलं. तांबडी मान फोटोत काळी येत होती. ते प्लॅस्टिक अंथरून काठावर पालथे पडायचे आणि कोपर सोलून घरी यायचे.

“फ्लॅश मारा की एकदा,” ती म्हणाली.

“अंडी उबवत बसलेय ती. तिच्या तोंडावर वीज पाडू?”

शेवटी नऊ फोटो मिळाले. त्या दिवशी ते घाईत होते. “प्रिंट काढून ठेव, आलोच अंघोळ करून.” तिने फोटो उघडले. अंधार होता, उजेड वाढवला. चोचीपाशी काहीतरी पिवळट चकाकत होतं, ते नऊच्या नऊ फोटोंतून पुसलं. हात आपोआप चालला. त्यांनी पाकीट न बघता चिकटवलं आणि कचेरी गाठली.

साहेबांनी भिंग लावलं. “पिवळा डाग कुठाय? आणि हे घरटं म्हणताय, हा तर तरंगता कचरा आहे. अंडी दिसत नाहीत.”

“उठताना ती अंडी शेवाळाने झाकते.”

“सोयीचं आहे.”

त्यांनी कॅमेऱ्यातला मूळ फोटो दाखवला. साहेबांनी दोन्ही शेजारी धरले. “म्हणजे आम्हाला दिलेत ते रंगवलेले? शुक्रवारी पाचपर्यंत मूळ फोटो आणा. प्रत्येकाखाली वेळ आणि प्रकाश स्वतःच्या हाताने लिहा, सही करा. नाहीतर शनिवारी पंप लागेल.”

घरी आले ते चष्मा हातात घेऊनच.

“डाग पुसलास?”

“पुसला. एकतीस वर्षं तेच करतेय.”

“ते पाखरू आहे. स्थळासाठी फोटो काढायला नाही आलेलं.”

“मग सांगायचं होतं. तोंड नव्हतं?”

“तुला डोळे नव्हते?”

“तुम्हालाही होते. पाकीट कुणी चिकटवलं?”

दोन दिवस घरात फक्त भांडी बोलली. तिलाही धुमसायला पुष्कळ होतं. उभा जन्म याच कामाची मजुरी घेतली, आणि आज तोच गुन्हा.

बुधवारी सकाळी त्यांनी नऊ प्रिंट स्वतः काढले, काहीही न बदलता, आणि गल्ल्यापाशी लिहायला बसले. अकराच्या सुमारास छातीत कळ आली. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

भेटायला आलेले म्हणाले, हाल न होता गेले, नशीबवान. तिला त्यांना हाकलून द्यावंसं वाटलं. कसलं नशीब? भांडण अर्धं टाकून माणूस असा उठून जातो? एक शब्द तिचा राहिला होता, एक त्यांचा.

शुक्रवारी दुपारी तिने दुकानाचं शटर वर केलं. दीर मागोमाग आला. आठ फोटोंखाली नीट लिहिलेलं होतं: वेळ, मग ‘दाट ढग, मान काळी दिसते, आहे तांबडी’, आणि सही. पण त्या आठांत डाग असून नसल्यासारखा, नीट दिसत नव्हता. तो स्पष्ट होता एकट्या नवव्यात. त्या क्षणी ढग जरा फाटले असावेत. किंवा नसतील. पाण्यावरून उजेड आला असेल. तिला काय ठाऊक?

“वहिनी, लिहून टाका काहीतरी. सही मी करतो त्याच्यासारखी. कोण बघतंय?”

“पुन्हा खोटं?” ती इतक्या जोरात म्हणाली की रस्त्यावरचा एक जण थांबला. “मी नव्हते तिथे. तुम्हीही नव्हता.”

“मग तळं गेलं समजा.”

तिने घड्याळाकडे पाहिलं. सव्वाचार झाले होते. नवव्या फोटोखाली त्यांच्या अक्षरात वेळ होती, सहा बावन्न. खालच्या ओळीत ‘प्रकाश’ एवढंच लिहिलेलं. पुढची ओळ आणि सहीची जागा कोरी होती.