डाल्टन रीम्सचा धर्मपिता

फ्लोरियन गायडा मला कधीच आवडला नाही. एकोणतीस वर्षं मी त्याच्यासमोर बसून शुक्रवारचा तळलेला मासा खाल्ला, आणि तेवढ्या वर्षांत त्याने एकदाही लिंबाची फोड माझ्याकडे सरकवली नाही. माणूस उंच, हाडकुळा. रेल्वेचे डबे दुरुस्त करण्याच्या कारखान्यात त्याचं आयुष्य गेलं आणि तिथल्या ठोकाठोकीत कान गेले. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे कुणालाच येत नाही, अशा थाटात तो ओरडून बोलायचा.

त्याचा सख्खा भाऊ चेस्टर दोन गल्ल्या सोडून राहत असे. १९८४ च्या ईस्टरला जेवताना दोघांचं कशावरून तरी बिनसलं. फ्लोरियन म्हणाला, "आजपासून तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही." आणि बोलला नाही. एकोणीस वर्षं. चेस्टर वारला तेव्हा हा टोपी हातात धरून शवपेटीपाशी उभा होता. तिथेही त्याचे ओठ हलले नाहीत. मी मुद्दाम पाहत होते.

सेंट कुनेगुंडा चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी माशाचं जेवण असतं; तिथे, इमारत गरम ठेवणाऱ्या भट्टीला लागून आमचं टेबल आहे. खुर्च्या आठ. माणूस मेल्याशिवाय खुर्ची रिकामी होत नाही आणि ती मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षं वाट पाहतात. माझी खुर्ची माझ्या नवऱ्याची, जीनची. तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात झिगी पास्तुशाक घरी आला आणि दारातूनच म्हणाला, "शुक्रवारी येत जा, बर्निस. जीनची जागा तुझी." टेबलाचा कारभार तेव्हाही झिगीकडे होता, आजही आहे. फ्लोरियनची बायको हॅटी गेली, मूलबाळ नव्हतं, भावाशी अबोला. त्याच्या आठवड्यातलं सगळं बोलणं शुक्रवारी साडेपाच ते साडेसात या दोन तासांत उरकायचं. एरवी तो किराणा दुकानातल्या बाईशीही हुं की चूं करत नसे. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्या टेबलावरचा विषय एकच, फुटबॉल, आमचा अमेरिकन, चेंडू हातात घेऊन एकमेकांना आडवं पाडायचा. आमचा संघ इतकी वर्षं इतका वाईट खेळत आला आहे की एप्रिलच्या अखेरीस कॉलेजची नवी पोरं निवडायची वेळ आली की आमचा नंबर नेहमी पहिल्या दहांत असतो. हरणाऱ्याला आधी निवडू देतात. त्या गुरुवारी आम्ही तळघरात टीव्ही लावतो. आमच्या संघाने पहिला निवडलेला जो मुलगा असेल, त्याच्या नावाची जर्सी टेबलातर्फे घ्यायची आणि बाप्तिस्म्याला बाळासाठी नेमतात तशी त्याला एक धर्मपिता किंवा धर्ममाता नेमायची. बिंगोच्या पिंजऱ्यात आठ गोळे टाकून झिगी तो फिरवतो. ज्याच्या नंबराचा गोळा पडेल त्याने जर्सी दोन्ही हातांवर धरायची, बाळ धरतात तशी. झिगी तिच्यावर बिअरचे चार थेंब शिंपडतो आणि विचारतो, "सुखात, दुःखात आणि दुखापतीत याच्या पाठीशी उभा राहशील?" आपण म्हणायचं, "राहीन." मग तो संघात असेपर्यंत हंगामभर दर शुक्रवारी ती जर्सी घालून यायचं आणि त्या पोराच्या पापांना उत्तरं द्यायची. पोर टाकाऊ निघालं तर टेबल मत घेतं. ज्यांना तसं वाटतं त्यांचे जेवायचे काटे वर होतात. बहुमत झालं की धर्मपित्याने कात्री घेऊन पाठीवरचं नाव कापून काढायचं आणि वर्षभर सगळ्यांना कॉफी आणून द्यायची. कापायला नकार दिला तर खुर्ची सोडायची, असाही नियम होता, पण तशी वेळ कधी आलीच नव्हती. शाळेत सिस्टर मंडळींनी आम्हाला शिकवलं होतं की शपथेची थट्टा करू नये. पण एवढ्या वर्षांत कुणाला त्यात काही गैर वाटलं नव्हतं, मलाही नाही.

या नियमांतले अर्धे फ्लोरियननेच केलेले. लोरेट चायकाच्या वाट्याला एक क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा मुख्य गडी, आला होता, लाजरा, गोरागोमटा. त्याच्यावर तिचा भारी जीव. तो फुकट गेला तेव्हा फ्लोरियन घरून पत्रा कापायची कात्री घेऊन आला. लोरेटचे डोळे भरून आलेले, आणि हा म्हणाला, "सरळ काप. कडा वेड्यावाकड्या नकोत."

म्हणून त्या एप्रिलमध्ये पिंजऱ्यातून चार नंबरचा, म्हणजे फ्लोरियनचा गोळा पडला, तेव्हा आम्हाला आनंद झाला. तो मी लपवत नाही.

मुलाचं नाव डाल्टन रीम्स. नेब्रास्कातल्या शेतकऱ्याचा पोर, साडेसहा फूट, पाचव्या क्रमांकावर निवडलेला. लाइनमन. लाइनमनचं काम आपल्या क्वार्टरबॅकच्या पुढे उभं राहून अंगावर येणाऱ्याला अडवायचं. ते नीट केलं तर त्याचं नाव कुणाला कळतही नाही, आणि चुकलं तर सगळ्या गावाला कळतं. रीम्सचं नाव ऑक्टोबरपर्यंत सगळ्या गावाच्या तोंडी होतं. पहिल्या वर्षी सरावातच घोटा मुरगळला. परत आला तर त्याच्या बाजूने येणारे गडी आमच्या क्वार्टरबॅकला पीठ मळावं तसे मळत होते. दुसऱ्या वर्षी खांदा, मग पोटरी. दोन हंगामांचे बत्तीस सामने, त्यातले तेरा खेळला. हा आकडा माझा आहे आणि तो पक्का आहे.

"काय रे, तुझं पोर पुन्हा बसलंय म्हणे," झिगी सुरुवात करायचा. "आता काय, नख तुटलं?"

"पोटरी," फ्लोरियन म्हणायचा.

"पोटरी! माझ्या आजीची पोटरी त्याच्याहून दणकट होती, आणि तिला जाऊन चाळीस वर्षं झालीत."

"झुंबर आहे ते, काचेचं," लोरेट म्हणायची. "पेंढ्यात गुंडाळून ठेवा, नाताळला काढा."

मीही गप्प बसत नसे. "नवव्या नंबरला तो ओहायोचा मुलगा होता. तो घ्यायचा होता. एक सामना चुकवला नाही त्याने. आपल्या शहाण्यांना पाचव्याला मोडका मिळाला."

"ओहायोच्या पोराच्या शेजारी धडधाकट गडी उभा असतो!" फ्लोरियन ओरडायचा. "आपल्याकडे रीम्सच्या बाजूला जो उभा करतात तो आंधळा आहे. एका माणसाने दोघांना अडवायचं कसं? दोन वर्षांत तीन प्रशिक्षक बदलले. एक सांगतो मागे सर, दुसरा सांगतो पुढे हो."

त्याने बटाट्याचे तळलेले तुकडे ताटात ओळीने मांडले. "हे बघ. हा रीम्स. हा इकडून येतो, हा तिकडून. आता काय करेल तो?"

झिगीने रीम्स उचलला आणि तोंडात टाकला. "बघ," तो चावता चावता म्हणाला, "मलाही कुणी अडवलं नाही."

आम्ही इतके हसलो की पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून पाहू लागले. फ्लोरियन हसला नाही. त्याने दुसरा तुकडा घेऊन त्याच जागी ठेवला आणि पुन्हा समजावू लागला.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा गंमत करत नाहीये. जो माणूस पत्र्याची कात्री घेऊन आला होता, तो आता मासिकं विकत आणून वाचत होता, दुखापतींच्या याद्या पाठ करत होता. त्याला रीम्सचा पुळका होता असं मला आजही वाटत नाही. त्याने "राहीन" म्हटलं होतं, एवढंच.

दुसऱ्या हंगामात, नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी, आम्ही चर्चच्या बसने सामन्याला गेलो. आमच्या जागा अगदी वरच्या, जिथे गावाशेजारच्या मोठ्या तळ्यावरचा वारा थेट तोंडावर येतो. रीम्स पाच आठवड्यांनी परतला होता. पहिल्या अर्ध्या तासात त्याच्या बाजूने दोनदा क्वार्टरबॅक आडवा झाला, आणि साठ हजार माणसं मिळून एका पोराची हुर्यो उडवू लागली. तिसऱ्या भागात ढिगाऱ्यातून सगळे उठले आणि रीम्स उठला नाही. गुडघा धरून पडला होता. जखमींना न्यायची गाडी मैदानात आली.

जखमी माणूस बाहेर जाताना लोक टाळ्या वाजवतात, तशा त्या टाळ्या नव्हत्या. बदली खेळाडू डोक्यात शिरस्त्राण घालत पळत आला आणि आमच्या बाजूचे सगळे जिंकल्यासारखे उभे राहून ओरडले. लोरेटने भोंगा वाजवला. झिगी दोन्ही हात वर करून म्हणाला, "सुटलो रे देवा!" मी टाळ्या वाजवल्या. हातमोजे होते म्हणून आवाज झाला नाही, इतकंच.

फ्लोरियन आमच्या पुढच्या ओळीत होता. तो वळला. मैदानाकडे पाठ करून त्याने आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे, शाळेत हजेरी घेतात तसं. बसमध्ये तो ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर एकटा बसला.

पुढच्या शुक्रवारी झिगीने मत घेतलं. सात काटे वर झाले, त्यातला एक माझा. झिगीने कात्री फ्लोरियनच्या ताटाशेजारी ठेवली.

"नाही," फ्लोरियन म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"कापणार नाही."

"अरे दगडा, गुडघा फाटलाय त्याचा! वर्षभर उभा राहणार नाही तो. कशाला धरून बसलायस?"

"म्हणूनच."

"नियम ठाऊक आहे ना?"

"तुझ्याआधीपासून ठाऊक आहे. घे खुर्ची."

लोरेटचा चेहरा लाल झाला. "माझ्या वेळी पत्र्याची कात्री आणली होतीस तू! सरळ काप म्हणालास मला!"

"म्हणालो."

"मग?"

"मग तू नको म्हणायचं होतंस."

"खरंच नको म्हणता येतं हे मला कुठे माहीत होतं?"

"तो माझा दोष नाही," फ्लोरियन म्हणाला. इतकं दुष्ट उत्तर मी त्याच्या तोंडून तोवर ऐकलं नव्हतं, आणि त्याच्या तोंडून मी बरंच ऐकलं आहे.

मला राहवलं नाही. "फ्लोरियन, त्या मुलाला तुझं नावसुद्धा माहीत नाही. कुणासाठी हे सगळं?"

"त्याला कुठे शब्द दिला मी?" तो माझ्याकडे वळून ओरडला. "इथे दिला. तुमच्यासमोर. तुम्ही ऐकलात." मग त्याने आवाज खाली आणला, जे तो कधी करत नसे. "आणि आता आणखी एक ऐका. परवा ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्या टेबलाला मी पुन्हा बसणार नाही."

चेस्टरची गोष्ट सगळ्यांना आठवली असणार. दुसरा कुणी असता तर आम्ही म्हटलं असतं, दोन आठवड्यांनी येईल. फ्लोरियनने अर्धा मासा उरलेलं ताट उचललं आणि तो कोट अडकवायच्या खुंट्यांजवळच्या टेबलावर जाऊन बसला. तिथे वर्षातून एकदा येणारे पाहुणे बसतात. दार उघडलं की तिथे थंडी येते.

मार्चमध्ये संघानेच रीम्सला सोडलं. संघाने सोडलं की धर्मपिता मोकळा, कात्रीचा प्रश्नच उरत नाही. झिगी मनाने वाईट नाही. तो बायकोने केलेल्या कोबीच्या गुंडाळ्यांचं भांडं घेऊन फ्लोरियनच्या घरी गेला आणि म्हणाला, "झालं गेलं. ये परत." फ्लोरियनने जाळीचं दार अर्धं उघडलं, भांडं घेतलं आणि दार लावलं. शुक्रवारी भांडं लखलखीत घासून आमच्या टेबलाच्या कडेवर ठेवलं. "मीठ कमी होतं," म्हणाला आणि खुंट्यांकडे गेला.

त्याची खुर्ची झिगीच्या जावयाला मिळाली. त्याला फुटबॉलमधलं काही कळत नाही. तो हॉकीवर बोलतो.

लोक आता फ्लोरियनबद्दल हळवं बोलू लागले आहेत. लोरेटसुद्धा. मी बोलणार नाही. ज्या हट्टाने त्याने भावाला शब्दावाचून मातीत जाऊ दिलं, तोच हा हट्ट. या खेपेला तो एका पडलेल्या पोराच्या बाजूने पडला, म्हणून तो वेगळा होत नाही. पण आम्ही त्या रविवारी काय केलं तेही मी मनातून खोडलेलं नाही, आणि फ्लोरियनने ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं याचा राग अजून माझ्या मनात आहे.

रीम्सला पश्चिमेकडच्या एका संघाने घेतलं. फ्लोरियन अजूनही तीच जर्सी घालून येतो, आमच्या रंगाची, पाठीवर नाव शाबूत. आमचे सामने तो पाहत नाही. दुपारी चारला सुरू होणारे तिकडचे पाहतो. गेल्या ऑक्टोबरात कोट अडकवायला गेले तेव्हा तो एकटाच मासा खात होता. समोरची खुर्ची रिकामी होती.

"काय म्हणतो तुझा मुलगा?" मी विचारलं.

"मांडीचा स्नायू. चार आठवडे."

"मी सांगितलं होतं. तो टिकणारा नाही."

"सांगितलं होतंस," तो म्हणाला. त्याने लिंबू माशावर पिळलं, साल ताटाच्या कडेला ठेवली. "बसायचं तर बस, नाहीतर सरक. दारातून वारा येतोय आणि मासा गार होतोय."

मी थोडा वेळ कोट हातात धरून उभी राहिले. मग तो खुंटीला अडकवला आणि भट्टीजवळच्या आमच्या टेबलाकडे गेले.