गोलपुढची माती

नान्टगॉख टाउन या वेल्समधल्या आमच्या फुटबॉल क्लबच्या मैदानावर चहाची खिडकी ओल्वेन प्रॉबर्ट सांभाळायची आणि मी फाटकावर तिकिटं फाडायचो. मध्यंतराला ती न विचारता माझा कप भरून ठेवायची. मी जरा उशिरा पोचलो की म्हणायची, "काय एम्रिस, कार्डिफला चालत जाऊन आलास की काय?"

क्लबचा इतिहास आमच्याकडे पोरं पाढ्यांच्या आधी शिकतात. पाटीच्या दगडाच्या खाणीतल्या कामगारांनी क्लब काढला. पुढे खाण बंद पडली, क्लब राहिला. वेल्श कप आम्ही एकदाच जिंकलो. त्या जोरावर युरोपात खेळायला मिळालं आणि पूर्वेकडच्या एका बड्या संघाला आम्ही इथे, आमच्या चिखलात, एक-शून्यने हरवलं. परतीच्या सामन्यात त्यांनी आमची धुलाई केली, पण ते आम्ही सांगत बसत नाही. तो एक गोल ओल्वेनच्या नवऱ्याने, इड्वलने, टेकडीकडच्या गोलात मारला होता. डोक्याने मारला असं सगळे म्हणतात. कानाला लागून गेला, असं इड्वल स्वतः सांगायचा.

इड्वल गेला तेव्हा त्याची राख त्याच गोलपुढे पसरली. आमच्याकडे रीतच आहे ती. अर्ध्या गावाचे बाप आणि आजोबा तिथे आहेत. राखेने गवत पिवळं पडतं म्हणून माळी कुरकुरतो, पण आमचा एकही गोलकीपर त्या जागी थुंकत नाही. ओल्वेन त्या दिवशी रडली नाही. लोक म्हणाले, धीराची बाई आहे.

"धीर कसला डोंबलाचा," ती मला म्हणाली. "दात काढायच्या आधी सुई टोचतात ना, तसं झालंय मला. काही कळतच नाही. तो कुठे आहे, तेवढं मात्र कळतं."

तेव्हापासून मध्यंतराची गर्दी ओसरली की ती खिडकी ओढून घ्यायची आणि टेकडीकडच्या गोलमागे जाऊन उभी राहायची. मॅच संपेपर्यंत. आम्ही हरलो तरी तिचा चेहरा तोच, जिंकलो तरी तोच.

गेल्या मोसमात आम्ही वरच्या लीगमध्ये चढलो. मैदानात पाणी तुंबून सामने रद्द होतात म्हणून अध्यक्ष डिल्विन प्यू याने प्लास्टिकचं गवत घालायचं ठरवलं. सभेत सगळ्यांनी हात वर केले. ओल्वेननेही केला. गवत काढायचं म्हणजे खालची मातीही जाणार, हे आमच्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं माणसं तिथे पसरली आणि ऐन वेळी सगळे विसरले! आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

ओल्वेनच्या ध्यानात आलं तेव्हा ती माती भरून न्यायला बादली घेऊन धावत आली. गोलच्या जागी खड्डा होता.

"डिल्विन, इथली माती कुठे गेली?"

"कंत्राटदाराने नेली."

"कुठे नेली?"

डिल्विनने टोपी काढून परत घातली. "ट्रेवर्नला. त्यांचं सरावाचं मैदान खचलंय. भरावाला हवी होती त्यांना."

ट्रेवर्न म्हणजे नदीपलीकडचे. तिथल्या बेकरीचा पाव इड्वलने आयुष्यात घरात येऊ दिला नाही.

"माझा नवरा तू ट्रेवर्नला दिलास?" ओल्वेनने विचारलं. आवाज चढलाही नाही.

"आपण त्याच्या नावाची पितळी पाटी लावू, ओल्वेन. मोठी लावू."

"लाव. तुझ्या बैठकीच्या खोलीत लाव." बादली तिथेच ठेवून ती घरी गेली.

मोसम सुरू झाला तेव्हा चहाची खिडकी बंद होती. ओल्वेन बसने ट्रेवर्नला जाते, अशी बातमी आली. गावात नको नको ते बोलणं सुरू झालं. एका बुधवारी मीही तणतणत बस पकडली. ती सरावाच्या मैदानाच्या कुंपणाशी उभी होती. आत ट्रेवर्नचे खेळाडू पळत होते.

"अगं, लाज नाही वाटत? ते ट्रेवर्नचे आहेत!"

"पाय त्यांचे आहेत, एम्रिस. माती आपली आहे." तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "कुठल्या बाजूला टाकली असेल रे?"

मला काय ठाऊक! सगळं मैदान सारखंच हिरवं होतं. मी म्हटलं, "गोलपाशीच टाकली असेल बघ." तिने मान हलवली. माझं खरं वाटलं नाही तिला.

"वाटलं होतं, इथे आल्यावर तरी रडू येईल," ती म्हणाली. "तेही येत नाही. पण त्या प्लास्टिकवर मी कुणापाशी उभी राहू?"

"सगळे वाट बघतायत तुझी. चहा कोण देणार आम्हाला?"

"यांच्या चहाच्या खिडकीवर बाई हवी होती. मी हो म्हटलंय. शनिवारपासून."

तिला शिव्या घालायच्या म्हणून आलो होतो, पण तिच्याशेजारी कुंपणाला टेकून ट्रेवर्नचा सराव बघत राहिलो. बस आली तेव्हा ती म्हणाली, "जा तू, मी थोडी थांबते."

शनिवारी मी मध्यंतराला फाटक सोडून कुठे गेलो नाही. आम्ही तीन-शून्यने जिंकलो.