तीस फुटांवरचा गंज

शकुबाईला कुणी अडाणी म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. शाळा चौथीत सुटली हे ती स्वतःच सांगते, पण तिचा नवरा बाबासो वीस वर्षं कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल चढवतो-उतरवतो. त्यामुळे लोखंड आणि स्टील यांचं आपसात जमत नाही, हे तिला घरबसल्या कळलेलं. स्टीलच्या मालाला साधं लोखंड टेकू द्यायचं नाही, घासलं की गंज धरतो, हे त्यानं जेवताना कितीदा तरी सांगितलेलं.

साताऱ्याकडचं गाव सोडून करंजाड्यात संसार थाटलेली ही बाई सानपाड्याच्या एका नव्या इमारतीत सफाईला लागली. इमारतीच्या तोंडाशी तीन मजले उंच काचेची भिंत. तिला चौकट नाही. मागे स्टीलचे दांडे आणि जाड तारा ताणून बसवलेल्या, त्यांच्या ओढीवर सगळी काच उभी. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यानं त्या दांड्यांवर बारीक तपकिरी ठिपके आले होते, आणि उद्घाटन चार दिवसांवर आलं होतं.

सुपरवायझर नंदकिशोरनं तिच्यापुढे तारेच्या घासण्यांचा खोका आपटला. "मावशी, सगळे रॉड चकाचक पायजेत."

"सायेब, ही लोखंडी घासणी हाय. स्टीलला लावू नगा. आज चमकंल, पन मागनं लई गंज धरंल."

"तू भांडी घास गं! हे इंजिनीअरिंग आहे. टेन्शन नको देऊ."

खालचे दांडे तिनं घासले. वरच्यांसाठी त्यानं चाकांचं मचाण आणवलं, कमरेला पट्टा बांधून तिला वर चढवलं. तीन दिवस घासून बोटांची सालं गेली. उद्घाटनाला दांडे आरशासारखे चमकले, आणि पाहुण्यांनी नंदकिशोरची पाठ थोपटली.

महिन्याभरात वरपासून खालपर्यंत तपकिरी ओघळ उतरले. दांडे बसवणाऱ्या कंपनीची इंजिनीअर सुनयना पाहणीला आली. बोटानं डाग पुसून तिनं विचारलं, "याला लोखंडी घासणी कुणी लावली?"

"अडाणी बाई आहे मॅडम, न विचारता घासून टाकलं. आजच काढतो तिला," नंदकिशोर म्हणाला.

शकुबाई दहा पावलांवर फरशी पुसत होती. तिनं पोछा बादलीत आदळला, पाणी त्याच्या बुटांवर उडालं.

"न इचारता? बरं! खालचं मी घासलं. त्यो वरचा डाग बगा, तीस फुटावर. माजा हात पोचतो का तिथं? मचाण का माज्या बापानं आणलं? आन पट्टा कुनी बांधला माज्या कमरंला? सांगा की मॅडमना!"

सुनयनानं मचाण आणायची परवानगी कुणी दिली ते गेटवरच्या पहारेकऱ्याला विचारलं. त्यानं नंदकिशोरकडे बोट दाखवलं. मग शकुबाईनंच तिला सामानाच्या खोलीत नेलं. तिथं घासण्यांचा निम्मा खोका तसाच पडलेला.

"मी सांगितलं हुतं ह्यांना," शकुबाई म्हणाली.

सुनयनानं अहवालात खरं तेच लिहिलं. डाग सांध्यांमधल्या स्क्रूच्या आट्यांत उतरले असतील तर ते सांधे उघडून बघावे लागणार होते. मालक चिडले, आणि नंदकिशोरची बदली दुसऱ्या इमारतीत झाली. शकुबाईचं काम टिकलं. व्यवस्थापक तिला म्हणाला, "गैरसमज झाला, सोडून द्या आता."

"गैरसमज न्हाई, खोटं बोलला त्यो. चार मानसांत अडानी म्हनला, चार मानसांत माफी मागू दे."

बदलीच्या दिवशी नंदकिशोर लॉबीत आला आणि खाली बघून कसंबसं "सॉरी मावशी" पुटपुटला. बाकीच्या सफाईवाल्या हसल्या. शकुबाई हसली नाही.

घरी बाबासो म्हणाला, "झालं ना तुझ्या मनासारखं? आता राग गिळ."

"काय म्हनून गिळू?" तिनं ताट त्याच्यापुढे सरकवलं. "माजं खरं हुतं म्हनून वाचले. मॅडम आली नसती तर आज घरी बसले असते, आन त्यो तिथंच सायेब म्हनून मिरवला असता."

बाबासोनं भाकरी मोडली आणि अर्धी तिच्यापुढे धरली.