आईंनी शिवलेलं झबलं

आज सुनेने चंदनाचा साबण आणला आणि वास येताच मला सासूबाई आठवल्या. आमच्या घाटकोपरच्या चाळीत कुठलीही बाई वारली की तिला शेवटची आंघोळ घालायला आईंनाच हाक यायची. साबणही त्या स्वतःचाच न्यायच्या, असाच चंदनाचा. शेजारच्या नलूची आई गेली तेव्हा सख्ख्या मुली नाकाला पदर लावून दारात उभ्या होत्या आणि आई त्या म्हातारीचे केस विंचरत होत्या.

पुढे नलूच्या नातवाचं बारसं होतं. आई हौसेने निघाल्या, मी त्यांच्या मागून. पाळण्याजवळ पोचलो तोच नलू आडवी आली.

"काकू, तुम्ही तिकडे दारापाशी बसा ना. बाळ लहान आहे. तुमचे हात कुठे कुठे लागलेले असतात."

"बसते गं," आई म्हणाल्या. "घुगऱ्या तरी हातात देशील, की लांबून फेकशील?"

सगळ्या बायका हसल्या, आईही हसल्या. मला वाटलं, त्यांना काही लागलं नाही. आता त्यांच्या वयाची झाल्यावर ते हसू आठवलं की अंगाची आग होते. मेलेल्या आईला चालले ते हात, बाळाला चालले नाहीत!

घरी आल्यावर त्यांनी पदराखालून झबलं काढलं. "उद्या तू देऊन ये. मी शिवलंय म्हणू नकोस."

आईंचा शब्द मी कधी मोडला नव्हता. तेवढा मोडला, झबलं दिलंच नाही. त्यांचं झबलं त्या घरात बिननावाने जावं, हे मला सहन झालं नाही. आजही होत नाही.