मास्तरांची दोन बोटं

आमचे कटिंग मास्तर माणसाला नावानं नाही, कंबरेनं ओळखत. सौंसरच्या बाजारात कुणी नमस्कार केला की हसून हात जोडत आणि तो पुढे गेला की मला हळूच सांगत, "अडतीस. डावा पाय अर्धा इंच आखूड." नाव विचारलं तर डोकं खाजवत. गळ्यात टेप कायम लटकलेला, पण तो त्यांनी वापरलेला मी पाहिला नाही. त्यांचं सगळं मोजमाप बोटानं आणि वितीनं चाले. मग टेप कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "गिऱ्हाइकाले भरोसा वाटते म्हणून."

शेठजींच्या, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मी हिशेब बघायला लागले तेव्हा रोज पांढुर्ण्याहून बसनं येत असे. माझा लॅपटॉप पाहून मास्तरांनी पहिल्याच दिवशी मला 'हिसाबवाल्या म्याडम' करून टाकलं. एखादं काम मनासारखं केलं तर त्या दिवसापुरतं 'बेटा'. असा दिवस महिन्यातून एखादा उगवायचा.

जगात जे जे बिघडतं ते उभ्याऐवजी आडव्या धाग्यावर कापलं गेल्यामुळे, असं त्यांचं ठाम मत होतं. बस उशिरा आली, की ड्रायव्हर आडव्या धाग्यावर कापलेला. डब्यातली डाळ कच्ची राहिली, की डाळही. शेठजींच्या थोरल्या जावयाबद्दलही त्यांचं हेच म्हणणं होतं, पण ते दार लावून सांगत.

तर शेठजींनी एकदा आपोआप कापड कापणारं यंत्र घ्यायचं मनावर घेतलं. कंपनीचा माणूस येऊन रंगीत कागद दाखवून गेला. शेठजी मला म्हणाले, "याचे पैसे किती वर्षांत निघतील ते काढा. तीनच्या आत निघत असतील तर घेऊ." यंत्र आलं की मास्तरांचं टेबल जाणार, हे साऱ्यांना कळत होतं. मला वाटलं, मास्तर आता माझ्याशी बोलणं टाकतील. पण ते रोज सकाळी चहाचा कप माझ्यासमोर ठेवत आणि विचारत, "काय म्याडम, निघाले का पैसे?"

आठ दिवस मी त्यांच्या टेबलाशी उभी राहून कापून उरलेल्या कतरणीचं वजन करत होते. कंपनीच्या माणसानं सांगितलं होतं की हातानं कापणारे फार कापड वाया घालवतात. पण मास्तरांचं कतरणीचं पोतं काही भरेना. ते पुठ्ठ्याचे फर्मे कापडावर असे बसवायचे की मधे बोट शिरायला जागा नसे. मी रिकामं पोतं उचलून पाहिलं की म्हणत, "फूक मारून भरून देऊ का?"

शेवटी मला हवं ते सापडलं. ऑर्डरच्या मापात जेवढी लांबी लिहिलेली, त्याहून मास्तरांचा प्रत्येक फर्मा पायाशी दोन बोटं लांब होता. ते कापड आत दुमडलं जायचं, कुणाला दिसतही नसे. ती दोन बोटं वाचवली तर साऱ्या हंगामाच्या नगांवर एवढी बचत दिसली की यंत्राचे पैसे अडीच वर्षांत निघत होते. मी तो आकडा लाल चौकटीत घातला, वर 'नासाडी' असं लिहिलं आणि मोठ्या तोऱ्यात मास्तरांना दाखवायला गेले.

त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "तुमी पांढुर्ण्याच्याच ना? शाळा बी तिथलीच?"

मी हो म्हटलं.

"मंग आमचाच ड्रेस. तवा कारखाना नव्हता, शेठजीच्या बाबाचं दुकान होतं. मीच कापत होतो. तुमच्या आईनं एक स्कर्ट किती साल चालवला?"

तीन वर्षं. शाळा सुरू व्हायच्या आधी आई खालची शिलाई उसवायची, दुमड सोडायची आणि नव्यानं टीप घालायची. खाली गडद निळा पट्टा दिसे, आणि जुन्या दुमडीची रेघ कितीही इस्त्री केली तरी जात नसे. मी ती दप्तरानं झाकत असे. सातवीत त्या रेघेवरून मी आईशी भांडलेही होते. नवा स्कर्ट घेणं तिला जमत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. आणि ज्या कापडावर तिनं माझी ती वर्षं भागवली, त्यालाच मी लाल चौकटीत घालून आणलं होतं. मला फार लाज वाटली.

मास्तर म्हणाले, "थे नासाडी नाही बेटा, थे वाढ हाय. पोरगं काय जूनमधी असते तेवढंच राहते का?"

मी हिशेब पुन्हा केला. वाढ ठेवली तर पैसे निघायला साडेचार वर्षं लागत होती. शेठजींचं तोंड उतरलं. "दुमड कोण बघतं? कापून टाका ती," ते म्हणाले. तेव्हा मास्तर स्वतः पुढे झाले.

"शेठजी, मशीन आना तुमी. माझा खांदा बी आता कुरकुर करून राहिला, मी जातो आपल्या गावाले, मोहगावले, आरामानं. पन वाढ कापू नका."

"अहो पण मास्तर, साडेचार वर्षं?"

"मले सही कापता यायले सहा साल लागले. तुमच्या बाबानं नाही विचारलं, पैसे कवा निघतीन म्हणून."

शेठजी हसले. यंत्र आलं, वाढीसकट.

फर्मे यंत्रात भरायला आलेल्या इंजिनियरनं दुमड किती ठेवायची ते विचारलं. मास्तरांनी टेबलावर दोन बोटं ठेवली. "हे एवढी." त्या बिचाऱ्यानं पट्टी लावली. सदतीस मिलिमीटर भरले. "चाळीस टाकू का?" त्यानं विचारलं.

"काहून? बोटं तं माझे हायत."

जाताना मास्तरांनी टेप माझ्या गळ्यात घातला. "ठेवा म्याडम. शेठजीले भरोसा वाटन." त्यानंतर दर महिन्याला मोहगावहून फोन यायचा, "निघाले का पैसे?" मी 'अजून नाही' म्हटलं की, "तुमचा हिसाबच आडव्या धाग्यावर कापला," असं म्हणून ठेवून द्यायचे. मागच्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला नाही, त्यांच्या मुलाचा आला.

गेल्या महिन्यात यंत्राचे पैसे निघाले. साडेचार वर्षांना अजून दोन महिने बाकी होते. आकडा जुळताच माझा हात फोनकडे गेला, आणि मग मी तो तसाच मागे घेतला. शेठजी खुशीत होते. म्हणाले, "आता ते सदतीस काढा आणि चाळीस करून टाका. हिशेबाला सोपं, आणि पोरांनाही थोडं जास्त मिळेल."

मी म्हटलं, "नको शेठजी. बोटं मास्तरांची आहेत."

त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या हंगामाच्या ऑर्डरी काढल्या.