मनीची शी आणि शांतीभाईंचे डबे

सकाळचे साडेनऊ. मुलुंड पूर्वेचं आमचं स्वयंपाकघर. ओट्यावर पावडरच्या दुधाचा उघडा डबा, शेजारी टिंक्चर आयोडीनची बाटली, आणि आतल्या खोलीत पाळण्यात पाच दिवस शी न केलेली माझी चार महिन्यांची मुलगी.

एवढ्या सामानात माणूस किती मोठा गाढवपणा करू शकेल? करा अंदाज. कितीही मोठा करा, कमीच पडेल.

मी तेव्हा एका मराठी दैनिकात वर्षानुवर्षं घासलेली बातमीदार होते. भेसळ हा माझा हातखंडा विषय. हळदीत रंग, तिखटात विटेची पूड, तुपात डालडा, सगळं मी चव्हाट्यावर आणलेलं. लग्न उशिरा केलं, मूल त्याहून उशिरा. त्यामुळे मनी झाली तेव्हा परिस्थिती अशी, की धण्यातली लीद मला दहा पावलांवरून ओळखू येई, पण पोटची पोर का रडते ते काही केल्या कळत नसे.

पहिले तीन महिने ती फक्त अंगावर प्यायची. आणि शी? विचारू नका! पाजलं की शी, उचललं की शी, इस्त्रीचे कपडे घालून आलेल्या पाहुण्याच्या मांडीवर ठेवलं की हमखास शी. पिवळीधमक, पातळ. गॅलरीत लंगोटांची तोरणं. मग रजा संपली, मी कामावर गेले. महापालिकेची सभा लांबली की घरी यायला उशीर व्हायचा, तेवढ्याच दिवशी सासूबाई मनीला पावडरच्या दुधाची एक बाटली देत. आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा.

आणि शी गायब! आधी दिवसाआड, मग तीन दिवसांनी, आणि आता पाच दिवस लंगोट कोरे करकरीत. इमारतीतली माणसं जिन्यात भेटली की "जेवलात का" ऐवजी "झाली का?" विचारायला लागली.

"अगो, पोर हसता, पिता, मुतता," सासूबाई म्हणाल्या. "पोट मऊ आसा. तुका कसली घाई?"

"संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना दाखवू या ना," प्रकाश म्हणाला. प्रकाश म्हणजे माझा नवरा. भांडुपच्या कारखान्यात सुपरवायझर. स्वभावाने इतका थंड, की त्याच्यावर माठ ठेवावा.

"डॉक्टर काय सांगणार?" मी कडाडले. "बाटली सुरू झाली आणि शी बंद झाली. सरळ आहे. या डब्यात पीठ आहे!"

दुधात पीठ असेल तर आयोडीनने ते निळं होतं, हे मी माझ्याच लेखात दोनदा छापलं होतं. ओट्यावरची एक वाटी ओढली, पावडर कालवली, चार थेंब टाकले.

निळं! चांगलं गडद निळं! शाईच्या दौतीसारखं!

"एकदा पुन्हा करून बघ," प्रकाश म्हणाला.

"पुन्हा कशाला? डोळ्यांना दिसतंय ना?"

बातमी दोन ठिकाणी तपासल्याशिवाय देऊ नये, हे मी ऑफिसात नव्या पोरांना ओरडून ओरडून शिकवत असे. शिकवत असे.

डबा घेऊन निघाले ती थेट नाक्यावर, शांतीभाईंच्या औषधांच्या दुकानात. तेव्हा बाळांच्या पावडरची कशी मारामार असे, ते ज्यांना तेव्हा पोरं झाली त्यांना विचारा. ओळख असल्याशिवाय डबा मिळत नसे. आणि हे शांतीभाई आमच्या भागातल्या आयांसाठी डबे बाजूला काढून ठेवणारा माणूस. चढा भाव नाही, उपकार केल्याचा आव नाही.

"या बेन!" ते म्हणाले. "कालच माल आला. तुमचा डबा ठेवलाय."

"ठेवा तुमच्याकडेच! पोरांना पीठ पाजता? लाज नाही वाटत?"

"पीठ? अरे बेन, कंपनीचा शीलबंद डबा हाय. मी काय आत जाऊन पीठ मिळवणार?"

"ते इन्स्पेक्टर ठरवतील. बोलावतेच!"

"बोलवा ना. मला कशाची भीती?" असं म्हणून त्यांनी काउंटरवरचा स्वतःचा फोन माझ्याकडे सरकवला.

वाचलंत ना नीट? त्यांच्याच फोनवरून मी त्यांच्यावर धाड बोलावली!

भेसळ पकडणाऱ्या खात्यातल्या एका निरीक्षकाला मी बातम्यांमुळे ओळखत होते. तासाभरात जीप हजर. सरकारी खातं इतक्या चपळाईने हललेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला चक्क अभिमान वाटला. म्हटलं, बघा, लेखणीची ताकद!

तोवर दुकानापुढे गर्दी जमलेली. मी तिला भाषणच देत होते म्हणा ना. कोणीतरी शांतीभाईंचा बाहेरचा फळा लाथेने पाडला. "चोर साला!" असं एकजण ओरडला, त्याला तर स्वतःचं मूलबाळही नव्हतं.

"साहेब," शांतीभाई हात जोडून निरीक्षकाला म्हणाले, "नमुन्याला दोन-चार डबे घ्या ना. सगळे कशाला? बायका येतील, त्यांना काय देऊ?"

निरीक्षक थोडा घुटमळला. खरंच घुटमळला हो. तेव्हा गर्दीतून एक खणखणीत आवाज आला, "सगळे घ्या! एकही सोडू नका!"

तो आवाज माझा होता.

भरलेली खोकी जीपमध्ये चढली. मी तडक ऑफिसात जाऊन बातमी टाकली. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, माझ्या नावासकट: "बाळांच्या दुधात विष?" ते शेवटचं प्रश्नचिन्ह आमच्याकडे वकिलासाठी असतं. वाचकाला ते दिसत नाही.

सकाळी मी चहाचा कप घेऊन अभिनंदनाची वाट बघत बसले. बेल वाजली. दारात पाच-सहा आया. सगळ्यांत पुढे तिसऱ्या मजल्यावरची कांबळेबाई, एका कडेवर एक जुळं, दुसऱ्या कडेवर दुसरं, दोन्ही टाहो फोडतायत. तिच्या अंगावर दोघांना पुरत नव्हतं, म्हणून तिची पोरं अर्धी डब्यावर होती.

"काय गं," ती म्हणाली, "दुकानात एक डबा राहिला नाही. ठाण्यापर्यंत माणूस पाठवला, नाही मिळाला. आता काय तुझा पेपर भिजवून पाजू पोरांना?"

"अगं, तुमच्याच पोरांसाठी केलं मी! विष होतं त्यात!"

"माझी दोघं चार महिने तेच पितायत. हे बघ, विष प्यायलेली पोरं इतक्या जोरात रडतात?"

मी उत्तराला तोंड उघडलं, इतक्यात आतून सासूबाईंची हाक आली.

"अगो ये बघ! झाला! पोरीन केल्यान!"

सगळी फौज आत. मनी जमिनीवर पाय झाडत हसत होती. तिच्याखाली सासूबाईंनी त्या दिवशीचा ताजा पेपर अंथरलेला. पेपरात काय छापून येतं यापेक्षा पेपर कशाला उपयोगी पडतो, हे त्यांना जास्त ठाऊक. आणि पाच दिवसांचा साठा पहिल्या पानावर, बरोबर माझ्या नावावर!

"बघ," कांबळेबाई म्हणाली. "घरचीच प्रतिक्रिया आली."

मी कुठली ऐकतेय? मला दिसत होता फक्त रंग. पिवळा नाही, तपकिरी! पातळ नाही, घट्ट! आणि वास असा, की मागच्या मागे दोघीजणी गेल्या. म्हटलं, हाच पुरावा! मी तो पेपर तसाच गुंडाळला, मनीला काखोटीला मारलं आणि डॉक्टरीणबाईंकडे धावले.

डॉक्टरीणबाई म्हणजे निम्म्या मुलुंडची बाळंतपणं केलेली बाई. टेबलावर मी पेपर उघडला. त्यांनी आधी शी पाहिली, मग चष्मा लावून बातमी वाचली.

"या दोन्हींतलं एकच नॉर्मल आहे," त्या म्हणाल्या.

"अहो, पाच दिवसांनी झाली!"

"मग? अंगावर पिणारी मुलं दिवसातून आठ वेळा करतात, नाहीतर आठ दिवसांनी एकदा करतात. तान्हेपणीचे पहिले आठवडे सरले की असं होतंच. आईचं दूध बरंचसं अंगी लागतं, बाहेर टाकायला उरतं काय?"

"पण हा रंग? हा वास?"

"मधूनमधून बाटली देतेस ना? मग घट्ट होणार, रंग बदलणार, वास मारणार, वेळाही कमी होणार. मऊ आहे ना? मऊ आहे. पोट बघ, मऊ. वजन वाढतंय. खडे पडायला लागले, रक्त दिसलं, पोट फुगलं, उलट्या झाल्या, दूध घेईनाशी झाली, तर माझ्याकडे ये. माझ्याकडे! फूड इन्स्पेक्टरकडे नाही."

"पण आयोडीन निळं झालं होतं!" मी शेवटचा हुकमाचा पत्ता टाकला.

"ते मला काय विचारतेस? मी पोरं तपासते, वाट्या नाही."

वाट्या! पायऱ्या उतरताना तो शब्द डोक्यात घुमायला लागला. घरी आल्या आल्या सासूबाईंना विचारलं, काल सकाळी ओट्यावर एक स्टीलची वाटी होती, ती कसली?

"खयची? ती कडेक चेपलेली?" त्या म्हणाल्या. "माझ्या पेजेची ती. मी पेज प्यालंय आणि थयच ठेवलंय. कित्याक?"

पेज. भाताची. म्हणजे स्टार्चचं आगरच! मी सासूबाईंच्या न्याहारीवर छापा घातला होता.

 प्रकाश नुसता हसला असता तरी चाललं असतं, पण त्याने वाटी उचलून मोरीत ठेवली आणि नळ सोडला.

पुढचं सांगताना माझा चहा कडू होतो, पण सांगते. मी शांतीभाईंकडे गेले. अर्धं शटर खाली. आत एकटेच बसलेले. मी चुकलं म्हणाले. माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बेन, एवढे वर्ष दुकान आहे," ते म्हणाले. "काल माझ्याकडनं कोणी खोकल्याचं औषध पण घेतलं नाही. तुम्ही ते छापलं, तसं हे पण छापा. आणि माझे डबे आणून द्या. बायका रडतात इथं येऊन."

तपासणीचा अहवाल आला. डबे स्वच्छ, पिठाचा कण नाही. मी तो घेऊन संपादकांपुढे उभी राहिले.

"अहो, छापा पडला ही बातमी होती," ते म्हणाले. "काही निघालं नाही, ही काय बातमी आहे?"

"निदान आतल्या पानावर दोन ओळी!"

"लोकांना काय वाटेल? आपण काय वाटेल ते छापतो?"

मी टेबलावर हात आपटला, राजीनाम्याची भाषा केली, सगळं केलं. दोन ओळी आल्या नाहीत. आणि हेच वाक्य मी स्वतः आधी कितीजणांना ऐकवलं होतं, ते मोजायची माझी हिंमत झाली नाही.

निरीक्षकाकडे गेले. "डबे गोदामात सीलबंद आहेत," तो म्हणाला. "प्रक्रिया चालू आहे. तक्रारदाराने लेखी द्यावं लागेल."

"तक्रारदार कोण?"

"बाई, तुम्हीच की!"

दिलं लेखी. मग वरच्या साहेबाची सही, मग साहेब रजेवर, मग साहेबाची बदली. शांतीभाई भेटले की नुसती मान हलवून विचारत, मीही मान हलवून नाही म्हणे.

आणि मग एका दुपारी कांबळेबाई वर आली. काखेत अर्धा संपलेला डबा. "घाटकोपरला फूटपाथवर मिळाला," ती म्हणाली. "दुप्पट पैसे मोजले. पण हे बुडाला बघ गं, कोणाचं नाव आहे?"

डब्याच्या बुडाला जांभळा शिक्का. शांतीभाईंच्या दुकानाचा.

मी डबा घेऊन धावत नाक्यावर. शांतीभाईंनी शिक्का दिव्याखाली धरून पाहिला. "बेन, हा शिक्का नवीन बनवून घेतला होता. धाडीच्या दिवशी सकाळी पहिल्यांदा मारला, या मालावर. त्यातला एक पण डबा विकला नव्हता. त्या दिवशी बोहनीला तुम्हीच आला होता."

आता मात्र माझं रक्त तापलं! ही खरी बातमी! गोदामातला सीलबंद माल काळ्या बाजारात! माझ्यामागोमाग आलेली कांबळेबाई म्हणत होती, "डबा राहू दे गं इथं, संध्याकाळच्या बाटलीला लागेल." पण मी ऐकतेय? पुराव्याशिवाय बोलायचं नाही, एवढं मी एव्हाना शिकले होते. डबा उचलला आणि गेले निरीक्षकाच्या ऑफिसात. त्याच्या टेबलावर आपटला.

"हा काय प्रकार आहे?"

त्याने डबा उचलला. शिक्का पाहिला. चेहरा गंभीर केला.

"बाई, हा जप्तीतला माल आहे. तुमच्याकडे कसा आला?"

"तेच तर मी तुम्हाला विचारतेय!"

"जप्तीतला माल जवळ बाळगणं गुन्हा आहे. तुमची ओळख आहे म्हणून सोडतो." आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याने तो डबा कपाटात टाकला, कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली. "हाही जप्त."

मनी आता पहिलीत जाते, पोट ठणठणीत आहे. सीलबंद गोदामातून तो डबा घाटकोपरच्या फूटपाथवर कसा गेला, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. आणि कांबळेबाईच्या पोरांचा तो अर्धा डबा, जो मी माझ्या हातांनी नेऊन दिला, तोही अजून त्या कपाटातून बाहेर आलेला नाही.